तेलाचा रंग नव्हे, नाव विचार

भाच्या, ऑटोमॅटिक गाडी घेतलीस ते चांगलंच केलंस. गणपतीच्या आधीचे दोन महिने खारपाडा ते वडखळ हायवेवर क्लच दाबून दाबून गुडघ्याचं काय होतं, ते जोह्याच्या तुम्हा गणपती-कारखानदारांना कोणी सांगायला नको. परवा फोनवर तू विचारलंस, की कंपनीचं गिअर ऑइल पेणला मिळत नाही, दुकानदार दुसरं देतोय, चालेल का? फोनवर मी ‘थांब’ एवढंच म्हणालो. आता नीट लिहून पाठवतोय. हे वाचून होईपर्यंत गाडीत काही ओतू नकोस.

तू मला गाडीचं मॉडेल सांगितलंस, रंग सांगितलास, किती फिरलीय तेही सांगितलंस. गिअरबॉक्स कुठला आहे ते मात्र सांगितलं नाहीस, आणि सगळं अडतं ते तिथेच. बाजारात ‘ऑटोमॅटिक’ नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. दुकानदाराला त्यातला फरक ठाऊक असेलच असं धरून चालू नकोस.

पहिलं म्हणजे एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ते आपल्याकडे आलं आणि मग घरोघर झालं. ते आतून साधं मॅन्युअल गिअरबॉक्सच असतं, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. लिव्हरवर ‘पी’ नसेल, फक्त आर, एन, डी असेल, तर बहुतेक तेच समज. त्यात पातळ लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, जातच नाही, मॅन्युअलचं गिअर ऑइल जातं. काही गाड्यांत गिअर बदलणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळ्या छोट्या टाकीत असतं, त्याला हात लावायचा नाही. दुसरं टॉर्क कन्व्हर्टरवालं, म्हणजे खरं जुनं ऑटोमॅटिक. तिसरं सीव्हीटी: त्यात दातांचे गिअर बदलतच नाहीत, दोन पुलींवरून पोलादी पट्टा फिरतो. चौथं डीसीटी, ज्याला काही कंपन्या डीएसजी म्हणतात. त्यात दोन क्लच असतात, कधी तेलात बुडलेले, कधी कोरडे.

पर्यायी तेल शोधायची मोकळीक तुला फक्त दुसऱ्या प्रकारात आहे, आणि तीही मोजकी. सीव्हीटीत पोलादावर पोलाद घट्ट धरून राहावं लागतं. साधं एटीएफ ओतलंस तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून खाली बसायची वेळ येते. डीसीटीचंही तसंच. तिथे कंपनीने सांगितलेलंच तेल घे, पनवेलहून मागव, चार दिवस गाडी उभी ठेव. जोह्याहून पनवेल काही परदेश नाही.

आता पेणचा दुकानदार तुला जो लाल डबा देत असेल, त्याकडे येऊ. तो डबा मी न बघता ओळखतो. पॉवर स्टेअरिंगसाठी ठेवलेला असतो तो. हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या बऱ्याच पिकअप, टेम्पो आणि जुन्या गाड्यांना डेक्स्रॉन जातीचं एटीएफच लागतं. म्हणून हायवेवरच्या प्रत्येक दुकानात ते असतं, आणि तुझ्या कारखान्याच्या पडवीतही अर्धा डबा पडलेला असेल. त्यावर ‘ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड’ असं ठळक छापलेलं असतं. दुकानदार खोटं बोलत नाही, ते एटीएफ आहेच. पण कुठल्या काळातलं आणि कुठल्या गिअरबॉक्सचं, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

इथे थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नकोस. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक बाजारात आणलं, तेव्हा तेलाचा सगळ्यांसाठी असा नियम ठरलेला नव्हता. १९४९ मध्ये त्यांनी ‘टाइप ए’ नावाचा पहिला नियम बांधला. तेलाला लाल रंग दिला तो एवढ्यासाठीच, की गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे कळावं. १९६७ मध्ये डेक्स्रॉन आलं. त्या काळी क्लच मऊ लागावा म्हणून तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत. हो, खऱ्या देवमाशाचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली, कंपन्यांनी दुसरं रसायन शोधलं आणि त्या बदली तेलाने कूलर आतून गंजायला लागले. मग गंजरोधक घालून तेल पुन्हा सुधारावं लागलं. ज्यांनी गिअरबॉक्स बनवला, प्रयोगशाळा ज्यांच्या हाताशी, त्यांचाही पर्याय पहिल्या फटक्यात जमला नाही. आपण तर दुकानाच्या काउंटरवर उभे राहून ठरवणारे.

पुढे डेक्स्रॉन दोन, मग १९९३ मध्ये तीन, आणि २००५ मध्ये सहा. आता कान देऊन ऐक. डेक्स्रॉन तीनचे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले. म्हणजे आज ज्या डब्यावर ‘डेक्स्रॉन ३’ लिहिलेलं दिसतं, ते तेल आज तरी जनरल मोटर्स तपासत नाही. चांगल्या कंपनीचं असेल तर ते चांगलंच असेल, पण ती ग्वाही त्या कंपनीची, नियम बांधणाऱ्याची नव्हे. पॉवर स्टेअरिंगला एवढं पुष्कळ झालं. सहा गिअरच्या नव्या ऑटोमॅटिकला नाही.

का नाही, ते सांगतो. हे तेल वंगण तर असतंच, पण त्याच्याच दाबाने आतल्या झडपा आणि क्लच चालतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे तेच पोचवतं. उष्णता बाहेर कूलरपर्यंत तेच नेतं. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे क्लच प्लेटा एकमेकींना किती घसरून, किती पटकन धरतील, हे ठरवणं. ज्या कंपनीने प्लेटेवरचं अस्तर निवडलं, तिनेच त्याच्या जोडीचं तेल निवडलेलं असतं. तुमच्याकडे प्लास्टर साच्यात ओततात आणि शाडू साच्यात हाताने थापतात. उलट करून बघ, मूर्तीचं काय होतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

फोर्डचं जुनं ‘टाइप एफ’ तेल क्लच खाडकन धरायचं, डेक्स्रॉन हळू घसरत धरायचं. दोन्ही लाल, दोन्ही एटीएफ, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की एक तर झटके नाही तर घसरण. हल्लीच्या गाड्यांत तर कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच मुद्दाम जरासा घसरत ठेवलेला असतो, इंधन वाचावं आणि हिसका बसू नये म्हणून. तिथे तेल चुकलं की पन्नास-साठच्या वेगात, पाय हलका ठेवलेला असताना, सरळ रस्त्यावर गाडी बारीक थरथरते. लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात, प्लग बदलतात, इंजिनाचे माउंटिंग बदलतात. गिअरबॉक्सचं तेल कोणी काढून बघत नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. तेलाच्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीकडे प्रत्येक तेलाचा माहितीचा कागद असतो, मोबाइलवर मिळतो. त्यात शंभर अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी किती ते सेंटिस्टोकमध्ये दिलेलं असतं. डेक्स्रॉन तीन, टोयोटाचं टी-फोर, ह्युंदाईचं एसपी-थ्री ही जुन्या, जाड घराण्याची तेलं; तो आकडा सात ते साडेसातच्या आसपास येतो. डेक्स्रॉन सहा, टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-फोर ही नवी, पातळ तेलं. आकडा साडेपाच ते सहाच्या आसपास. पातळ तेलासाठी बनवलेल्या गिअरपेटीत जाड घातलंस तर सकाळी गार असताना गिअर उशिरा पडतात आणि मायलेजही खाली येतं. जाड तेलाच्या जुन्या पेटीत पातळ घातलंस तर झिजलेल्या पंपातून आणि सीलमधून दाब निसटतो. चार गिअरची जुनी ह्युंदाई एसपी-थ्री मागते, सहा गिअरची क्रेटा एसपी-फोर मागते. नावात एकाच आकड्याचा फरक आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असं मुळीच नाही. टोयोटाही स्वतः सांगते की डब्ल्यूएस आणि टी-फोर यांची अदलाबदल करायची नाही. इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिकला डब्ल्यूएसच.

कधी कधी मात्र कंपनीच पर्याय सांगते, तेव्हा बिनधास्त घ्यावा. होंडाने जुन्या झेड-वनच्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं आणि झेड-वनच्या गाड्यांनाही तेच चालेल असं जाहीर केलं. डेक्स्रॉन तीनच्या जागी सहा चालतं, हेही खुद्द जनरल मोटर्सनेच सांगितलेलं. याचं उलट मात्र चालत नाही, सहाच्या गाडीत तीन घालायचं नाही. आणखी एक वाट म्हणजे गिअरबॉक्स कोणी बनवला ते बघायचं. गाडी एका कंपनीची आणि आतला गिअरबॉक्स जपानच्या आयसिनचा, असं पुष्कळदा असतं. आयसिनचा जेडब्ल्यूएस ३३०९ हा नियम आणि टोयोटाचं टी-फोर ही एकाच घराण्यातली. मॅन्युअलमध्ये ३३०९ लिहिलेलं असेल तर टी-फोर मिळालं तरी काम भागतं. असा दुवा कागदावर सापडला तरच तो पर्याय. ‘माझ्या मेहुण्याच्या गाडीत चालतं’ हा दुवा नव्हे.

म्हणून दुकानात जाऊन ‘अमुक कंपनीचं ऑइल आहे का’ असं विचारूच नकोस. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत तेलांचा तक्ता असतो, त्यातलं अक्षर न् अक्षर उतरवून घे, फोटो काढ. मग डब्याच्या मागची बारीक छपाई वाच. तिथे तीन प्रकारची भाषा असते. ‘अप्रूव्हड’ किंवा ‘लायसन्स्ड’ असेल आणि पुढे नंबर असेल, तर गाडी बनवणाऱ्याने ते तेल तपासलंय. ‘मीट्स’ म्हणजे तेलवाला स्वतःच्या चाचणीवर बोलतोय. ‘सुटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ म्हणजे त्याला तसं वाटतं, एवढंच. नावाजलेल्या कंपनीचं ‘मल्टी व्हेइकल’ एटीएफ बहुधा या तिसऱ्या भाषेत विकलं जातं, आणि तरी मी म्हणेन की टॉर्क कन्व्हर्टरच्या, वॉरंटी संपलेल्या गाडीला ते चालतं. अट दोनच गोष्टींची: तुझ्या तेलाचं नाव त्या यादीत छापलेलं हवं आणि जाडीचा आकडा त्याच घराण्यातला हवा. ज्या डब्यावर डेक्स्रॉन दोनपासून सीव्हीटीपर्यंत सगळी नावं एका रांगेत आहेत, तो जागच्या जागी ठेवून दे. सगळ्यांना चालतो म्हणणाऱ्या माणसावर आणि तेलावर माझा विश्वास बसत नाही.

सिंथेटिक म्हणजे चांगलं, महाग म्हणजे त्याहून चांगलं, असंही धरू नकोस. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गाड्या जगभरातून लाखोंच्या संख्येने परत बोलावल्या आणि त्यांतलं सिंथेटिक तेल काढून साधं मिनरल तेल भरून दिलं. उष्ण, दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. उष्ण आणि दमट म्हणजे आपलीच हवा की.

तेल ठरलं की बदलायचं कसं? चेंबरचा नट उघडलास म्हणजे सगळं तेल आलं असं नसतं. साधारण निम्मं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्येच राहतं. म्हणून दुसऱ्या जातीचं तेल घालणार असशील तर एकदा बदलून उपयोग नाही. एकदा काढून भरलं की निम्मं जुनं उरतं, गाडी थोडी चालवून दुसऱ्यांदा केलं की पाव, तिसऱ्यांदा केलं की आठवा हिस्सा. खर्च तिप्पट होतो, मान्य. पण दोन घराण्यांचं मिश्रण वर्षभर आत फिरवण्यापेक्षा हे स्वस्त. मशिन लावून जोराने फ्लश करून देतो म्हणणारे भेटतील. जुनी, कधी तेल न बदललेली पेटी असेल तर तो जोर नको, साधं काढ-भर बरं.

निघालेलं तेल फेकायच्या आधी बघ. पांढऱ्या कागदावर थेंब टाक. तपकिरी चालेल, काळं आणि करपल्या वासाचं असेल तर क्लच जळतोय, तेल बदलून तो सुधारत नाही. नटाच्या चुंबकावर करडा, मेणासारखा लेप असणारच. नखाला टोचणारा तुकडा लागला तर मला फोन कर. आणि जेवढं निघालं तेवढंच मोजून भर, मापाची बाटली कारखान्यात रंगांसाठी आहेच, फक्त धुऊन कोरडी करून घे. रंगाचा एक कण आतल्या झडपेत अडकला तर पुरे.

लेव्हल बघायची रीतही गाडीगणिक वेगळी. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक असते, तेल गरम, इंजिन चालू, लिव्हर ‘पी’वर. होंडात मात्र गरम झाल्यावर इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. टोयोटाच्या नव्या गाड्यांत डिपस्टिकच नाही. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल ४० अंशांच्या आसपास असताना खालचा नट उघडायचा आणि थेंब-थेंब पडू लागलं की बंद करायचा. हे काम अंगणात जॅक लावून करू नकोस, स्कॅनर आणि लिफ्ट असलेल्याकडे जा. जास्त भरलेलं तेल फेसाळतं आणि कमी असलं की पंप हवा ओढतो.

आता खरी अडचण. रात्री कशेडीत किंवा खोपोलीच्या बाजूला घाटात नळी गळली, तेल कमी झालं, गाडी गिअर धरेना, आणि जवळच्या दुकानात फक्त तो लाल डबा. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर गळती थांबवून तो डबा ओत आणि हळूहळू घरी ये. तेल कमी ठेवून चालवणं हे थोडं चुकीचं तेल घालण्यापेक्षा फार वाईट. घरी आल्यावर त्याच आठवड्यात मघाचं तीनदा काढ-भर कर. सीव्हीटी आणि डीसीटीला हा मंत्र लागू नाही, तिथे गाडी क्रेनच्या फळीवर चढवायची. आणि कुठलीही ऑटोमॅटिक दोर लावून टोचन करून आणू नकोस. आतला पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासत येतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढूनच उचलायला सांग, किंवा चारही चाकं वर. क्रेनवाला घाईत असतो, त्याच्यासमोर उभा राहा.

आपल्या भागासाठी आणखी एक. खारेपाटात उधाणाच्या दिवशी पाऊस लागला की पाणी कुठवर चढेल याचा नेम नाही. गिअरबॉक्सला हवा घ्यायला वर एक नळी असते, गाडी पाण्यात उभी राहिली की तिच्यातून पाणी आत जाऊ शकतं. तेल गढूळ गुलाबी आणि फेसाळ दिसलं तर इंजिन चालू न करता गाडी उचलून ने. पाण्याने क्लच प्लेटेवरचा गोंद सुटतो, मग कुठलंही तेल घातलं तरी उपयोग नाही. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तरी तेलाची हीच अवस्था होते, म्हणून पूर नसतानाही असं दिसलं तर कूलंटची बाटली उघडून बघ.

‘लाइफटाइम फिल’ असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नकोस. त्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो: उष्णता, धूळ, सतत रखडत चालणं. सगळंच आपल्या हायवेवर आहे. तेल नेमाने दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. लांबच्या जॅममध्ये गाडी ‘डी’वर ठेवून ब्रेकवर पाय देऊन बसण्यापेक्षा ‘एन’वर टाक आणि हँडब्रेक लाव.

तेल पक्क्या बिलानेच घे. बाटलीचं सील, बॅच नंबर बघ. रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला सुरीने भोक पाड, नाहीतर तीच बाटली नकली तेल भरून पुन्हा दुकानात दिसते. जुनं तेल सेंटरिंगवाले फळ्यांना लावायला मागतील, त्यांना देऊ नकोस आणि खाडीत तर मुळीच ओतू नकोस. जळकं तेल गोळा करणारे परवानाधारक लोक मोठ्या गॅरेजांकडे येतात, त्यांच्या पिंपात टाकून दे.

झालं की बॉनेटच्या आत कागद चिकटव: तेलाचं पूर्ण नाव, किती लिटर, तारीख, किलोमीटर. पुढचा मेकॅनिक मीच असेन असं नाही, आणि वासावरून तेलाची जात कोणालाच सांगता येत नाही. मॅन्युअलच्या तक्त्याचा फोटो आज संध्याकाळपर्यंत मला पाठव. पी-आर-एन-डी कसं लिहिलंय, त्या लिव्हरचाही पाठव.